पोलापासून बटणापर्यंत: नाशिकच्या जुन्या घरातलं वीज कनेक्शन

नाशिकमध्ये जुनं घर घेतलं किंवा भाड्याने मिळालं की पहिल्या आठवड्यात नळ, ओल, दारं-खिडक्या, रंग असं सगळं तपासून होतं. विजेच्या बाबतीत मात्र "बटण दाबलं, दिवा लागला" एवढ्यावर भागवलं जातं. जुन्या घरात ही परीक्षा काही कामाची नाही. अर्थिंग, म्हणजे गळालेला करंट जमिनीत नेणारी तार, नसलं तरी दिवा लागतो. फ्यूजच्या जागी जाड तार कोंबलेली असली तरी लागतो. बटण फेजऐवजी, म्हणजे करंट घेऊन येणाऱ्या जिवंत तारेऐवजी, न्यूट्रल या परतीच्या तारेवर असलं तरीही लागतो. म्हणून सामान लावायच्या आधी एक रविवार काढा आणि पोलापासून बटणापर्यंत वीज कुठून कशी येते ते समजून घ्या.

इथे जुनं घर म्हणजे साधारण तीन प्रकारचं. पंचवटी, भद्रकाली, तिवंधा, रविवार कारंजा या भागांतले वाडे. देवळाली कॅम्पाकडचे कौलारू बंगले. आणि सिडकोतली मूळची बैठी घरं, ज्यांवर नंतर एक-दोन मजले चढले. तिघांची दुखणी वेगळी आहेत, पण तपासायचा क्रम एकच.

एक अट आधीच सांगतो. पुढे जे तुम्ही स्वतः करायचं आहे त्यात बघणं, ऐकणं, वास घेणं, लिहून ठेवणं आणि स्विच चालू-बंद करणं एवढंच येतं. स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायचं काम लायसन्स असलेल्या वायरमनचं.

१. आधी रस्त्यावर उभे राहा आणि वर बघा

सबस्टेशनमधून ११ हजार व्होल्टची लाईन तुमच्या भागातल्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत येते. त्या खांबांवरच्या ट्रान्सफॉर्मरला सगळे 'डीपी' म्हणतात. तिथून पुढे पोलांवर मुख्यतः चार तारा असतात, तीन फेजच्या आणि एक न्यूट्रलची. कोणतीही एक फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट मिळतात, दोन फेजमध्ये ४०० च्या आसपास. साध्या घराला सिंगल फेज म्हणजे एक फेज आणि न्यूट्रल एवढंच येतं.

पोलावरून तुमच्या भिंतीपर्यंत येते ती सर्व्हिस वायर. ही वायर स्वतःच्या वजनावर लोंबकळत नसते, तिला आधार द्यायला सोबत जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची, तार ओढलेली असते. या तारेकडे नीट बघा. जुन्या घरांत तिच्यावर हमखास काहीतरी टांगलेलं सापडतं: केबलवाल्याची वायर, गणपतीतल्या माळांचा उरलेला तुकडा आणि सर्वात वाईट म्हणजे कपडे वाळत घालायची तार. वायरचं कव्हर उन्हाने तडकलं आणि ती जीआय तारेला टेकली, तर पाऊस पडल्यावर ओले कपडे काढायला गेलेल्या माणसाच्या हातात थेट करंट येतो. अशी तार दिसली तर तिला हात लावू नका, कपडे दुसरीकडे वाळवा आणि महावितरणकडे तक्रार करा. १९१२ हा टोल फ्री नंबर चोवीस तास चालतो.

आणखी दोन गोष्टी. वायर पत्र्याच्या कडेला घासते का? आणि भिंतीत शिरण्याआधी ती खाली झोल घेऊन मग वर जाते का? झोल नसेल तर पावसाचं पाणी वायरच्या अंगाने सरळ मीटरपर्यंत उतरतं.

बाहेरचा न्यूट्रल सैल किंवा तुटलेला असेल तर त्याची लक्षणं घरात दिसतात. काही दिवे एकदम प्रखर होतात, काही मंद होतात, पंख्याचा आवाज बदलतो. तीन फेजवरच्या घरांचा भार सारखा नसतो. न्यूट्रल गेला की ज्या फेजवर भार कमी, तिथल्या घरांत व्होल्टेज चढतं, कधी कधी ३०० च्याही पुढे. टीव्ही, फ्रिज, चार्जर एका दमात जातात. असं दिसलं की विचार करत बसू नका, मेन स्विच बंद करा आणि शेजाऱ्यांनाही हाक मारा, कारण प्रश्न सगळ्या गल्लीचा असतो.

२. मीटर तुमचाच आहे ना?

वीज कंपनीची जबाबदारी मीटरपर्यंत. मीटरमधून बाहेर पडणाऱ्या वायरपासून पुढचं सगळं तुमचं, म्हणजे दुरुस्तीही तुमची आणि अपघात झाला तर दोषही तुमचा. मीटरच्या आधीचा कटआऊट (कंपनीचा फ्यूज) आणि मीटरचं सील या महावितरणच्या वस्तू आहेत. सील तुटलेलं दिसलं तर राहायला आल्याआल्याच लेखी कळवा. सहा महिन्यांनी तपासणीत सापडलं तर "आधीपासूनच तसं होतं" हे सिद्ध करायची वेळ तुमच्यावर येते.

वाड्यात मीटर देवडीत किंवा बोळात एका लाकडी फळीवर ओळीने बसवलेले असतात. त्यातला आपला कोणता, हे घरमालकाने बोटाने दाखवलं म्हणून विश्वास ठेवू नका. बिलावरचा मीटर क्रमांक आणि मीटरवर छापलेला क्रमांक जुळवा. मग आणखी एक चाचणी करा. घरात इन्व्हर्टर असेल तर आधी तो बंद करा, मग आपला मेन स्विच बंद करा आणि मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा बघत पाच-दहा मिनिटं उभे राहा. तो लुकलुकायचा थांबला पाहिजे. मेन बंद असूनही लुकलुकत असेल तर तुमच्या मीटरवरून दुसरी कुठली तरी लाईन गेली आहे: जिन्यातला दिवा, पाण्याची मोटर किंवा कधीकाळी भाऊबंदकीत वाटणी झालेली मागची खोली. उलटही घडतं. मेन बंद केला तरी तुमच्या मोरीतला दिवा चालूच राहतो, कारण तो शेजारच्यांच्या मीटरवर आहे. यात भांडण्यासारखं काही नसतं. तीस-चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी सोयीने जोडलेलं असतं आणि ज्याने जोडलं तो आता नसतो.

लाल दिव्याचा आणखी एक उपयोग आहे. किती वेळा लुकलुकला की एक युनिट, हे मीटरवर छापलेलं असतं. पुष्कळ सिंगल फेज मीटरवर हा आकडा ३२०० असतो. म्हणजे घरात फक्त २००० वॉटचा गीझर चालू असेल तर मिनिटाला साधारण १०७ वेळा लुकलुकेल, आणि १०० वॉटचं काही चालू असेल तर पाच-सहा वेळा. रात्री सगळं बंद करून झोपायच्या आधी एक मिनिट मोजा. फ्रिजही बंद असताना दहा-बारा वेळा लुकलुकत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा एखादी विसरलेली लाईन आहे.

भाड्याच्या खोलीत घरमालकाने स्वतःचा सबमीटर बसवलेला असेल तर राहायला आल्याच्या दिवशी त्याच्या रीडिंगचा मोबाईलवर फोटो काढा आणि घरमालकालाही पाठवून ठेवा. पुढचे बरेच संवाद टळतात.

३. बिल मागच्या बाजूसकट वाचा

बिलावर बारा आकडी ग्राहक क्रमांक असतो. तो पाठ नसला तरी मोबाईलमध्ये हवाच, तक्रार करताना पहिला प्रश्न तोच येतो. शेजारीच पोल क्रमांक आणि डीटीसीचा कोड असतो. डीटीसी म्हणजे तुमचा ट्रान्सफॉर्मर. अर्ध्या गल्लीत लाईट आहे आणि तुमच्याकडे नाही, तेव्हा हा कोड सांगितला की लाईनमनला नेमकं कुठे जायचं ते लवकर कळतं.

मंजूर भार किती किलोवॉट आहे ते पाहा. जुन्या कनेक्शनवर तो अनेकदा फारच कमी असतो, कारण अर्ज केला त्या काळी घरात दोन पंखे, चार दिवे आणि एक रेडिओ होता. याकडे पुढे पुन्हा यायचं आहे.

नाव कुणाचं आहे? वाड्यात आजोबांच्या नावाचं बिल तिसरी पिढी भरत असते. राज्य वीज मंडळाचं विभाजन होऊन २००५ साली महावितरण कंपनी झाली, तरी जुनी माणसं अजून 'एमएसईबी'च म्हणतात आणि कागदही त्याच काळचे असतात. घर विकत घेतलं असेल तर नाव बदलून घ्या. मालकीचा कागद आणि ओळखपत्र लागतं, अर्ज ऑनलाईनही होतो. व्यवहार पूर्ण होण्याआधी थकबाकी शून्य असल्याची खात्री करा, कारण आधीच्या मालकाची बाकी कंपनी नव्या मालकाकडे मागू शकते.

पुढच्या खोलीत दुकान, क्लास किंवा शिवणकामाचा छोटा कारखाना चालत असेल आणि मीटर घरगुती असेल, तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. दुकानाला वेगळं कनेक्शन घेतलेलं बरं.

४. मेन स्विच आणि किटकॅट

जुन्या घराचा खरा स्वभाव इथे कळतो. मीटरखाली एक लोखंडी पेटी असते, बाजूला खटका. हा जुना डबल पोल मेन स्विच, वायरमनच्या तोंडी आयसीडीपी. खटका खाली केल्याशिवाय झाकण उघडत नाही अशी त्याची रचना असते. निदान मूळची तरी. पुष्कळ ठिकाणी हे कुलूप झिजलेलं असतं आणि खटका वर असतानाही झाकण उघडतं. तसं असेल तर पेटीच बदलायला झाली आहे.

वायरमन आला की त्याला मेन बंद करून हे झाकण उघडायला सांगा आणि स्वतः शेजारी उभे राहून बघा. आत पांढऱ्या चिनी मातीचे दोन फ्यूज दिसतील. हेच किटकॅट. पूर्वीच्या पद्धतीत फेजलाही फ्यूज आणि न्यूट्रललाही फ्यूज असायचा. यातला न्यूट्रलचा फ्यूज हा जुन्या घरातला सर्वात फसवा धोका आहे. तो उडाला की घरातलं सगळं बंद पडतं, लाईट गेली असं वाटतं, पण फेज तशीच जिवंत असते. दिव्याच्या होल्डरपर्यंत, पंख्याच्या वाइंडिंगपर्यंत, प्रत्येक बोर्डात. माणूस निर्धास्तपणे बल्ब काढायला हात घालतो आणि शॉक बसतो.

याची एक खूण आहे. सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर लागतो आणि तरी काहीच चालत नाही, म्हणजे न्यूट्रल तुटला आहे. चालू ठेवलेल्या एखाद्या उपकरणातून फेज वळसा घालून न्यूट्रलच्या भोकापर्यंत पोचलेली असते. "दोन फेज आल्या" असं म्हणतात ते बहुतेक वेळा हेच. न्यूट्रलच्या किटकॅटच्या जागी फ्यूज नसलेली सलग पट्टी, म्हणजे न्यूट्रल लिंक, बसवली की हा प्रश्न संपतो. अर्ध्या तासाचं काम आहे आणि वायरमनला सगळ्यात आधी हेच सांगा.

आता फेजचा किटकॅट. त्यात कोणती तार आहे ते बघा. फ्यूजची तार कलई केलेल्या तांब्याची असते आणि तिला नंबर असतो. ५ अँपिअरला ३५ नंबरची, १० ला २९, १५ ला २५, २० ला २३ आणि ३० अँपिअरला २१ नंबरची. नंबर जितका कमी तितकी तार जाड. प्रत्यक्षात मात्र किटकॅटमध्ये काय सापडतं? लवचिक वायरमधून उपसलेल्या चार-पाच तारा पिळून लावलेल्या. कधी तर आणखी जाड काहीतरी, कारण "साहेब, सारखा फ्यूज उडत होता." सारखा उडणारा फ्यूज त्याचं काम करत असतो. त्याची तार जाड केली की तापायची पाळी भिंतीतल्या किंवा लाकडी पट्टीतल्या वायरवर येते. वाड्यात ती पट्टी सागवानी असते, वर माळा, माळ्यावर जुनी पुस्तकं आणि गोधड्या. पुढचं सांगायला नको.

किटकॅटची चिनी माती काळी पडली असेल, तडकली असेल किंवा पेटीतून जळका वास येत असेल तर तार बदलून भागणार नाही.

५. घराचा नकाशा काढा

याला दोन माणसं आणि एक वही लागते. डिस्ट्रिब्युशन बोर्डवर, म्हणजे मेननंतर वीज घरभर वाटणाऱ्या पेटीत, एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारे स्विच) असतील तर काम सोपं: एकेक एमसीबी खाली करायची आणि कुठलं काय बंद झालं ते दुसऱ्याने घरभर फिरून ओरडून सांगायचं. किटकॅटच असतील तर प्रत्येक वेळी आधी मेन बंद, मग एक किटकॅट ओढून काढायचा, मग मेन चालू. हे वायरमन आलेला असतानाच उरकून घ्या.

वही भरत जाते तशा गमती बाहेर येतात. सिडकोतल्या घरांत सहसा असं दिसतं की खालचा मूळचा मजला, वरचा मजला आणि गच्चीवरची खोली एकाच १५ अँपिअरच्या लाईनवर आहेत. वर बांधकाम झालं तेव्हा खालच्या शेवटच्या बोर्डातून वायर वर नेली, एवढंच. वाड्यात दुसरी गोष्ट सापडते, आणि ती जास्त गंभीर. दोन बिऱ्हाडांच्या खोल्या एक करून घर मोठं केलेलं असतं आणि दोन्ही मीटर चालू असतात. एक मेन बंद केला तरी निम्मं घर जिवंतच. त्यातही दोन्ही मीटर वेगवेगळ्या फेजवर असतील तर एकाच बोर्डातल्या शेजारी-शेजारी बटणांमध्ये २३० ऐवजी ४०० व्होल्ट उभे असतात. अशा घरात दोन्ही मेनवर ठळक अक्षरांत 'घराला दोन मेन आहेत' असं लिहून चिकटवा. सुतार, रंगारी, प्लंबर, कुणीही आलं तरी त्यांना दिसलं पाहिजे.

इन्व्हर्टरही याच वहीत लिहा. मेन बंद केल्यावर तो आपोआप चालू होतो आणि त्याच्या लाईनवरचे पॉइंट २३० व्होल्टनेच जिवंत राहतात. "मेन बंद आहे, आता हात लावायला हरकत नाही" हे वाक्य इन्व्हर्टर असलेल्या घरात खोटं ठरतं.

काही घरांत मीटरजवळ फेज बदलायचा गोल स्विच दिसेल. एक फेज गेली की दुसरीवर जायची सोय. ती कुणी, कुणाच्या परवानगीने केली ते विचारा. मीटरच्या आधी असेल तर ती नियमात बसत नाही.

६. वायर कोणत्या काळातली?

बोर्ड न उघडताही पुष्कळ कळतं. लाकडी पट्टीवर पत्र्याच्या क्लिपांनी धरलेली काळी वायर, पितळी गोल बटणं, छताला चिनी मातीचं सीलिंग रोज (पंख्या-दिव्याची वायर जोडायची गोल डबी) असं दिसलं तर वायरिंग फार जुनं आहे. तेव्हाच्या वायरचं आवरण रबराचं आणि त्यावर सुताची वीण. अशी वायर हलवली नाही तर वर्षानुवर्षं टिकते. पण पंखा बदलायला म्हणून वायरमनने सीलिंग रोजमधली दोन इंच वायर वाकवली की रबर बिस्किटासारखं तुकडे होऊन गळतं आणि आतली तार उघडी पडते. म्हणून अशा घरात "फक्त एक पॉइंट वाढवून द्या" असं काम नसतं. जुन्या वायरला जिथे हात लागेल तिथून मेनपर्यंत ती बदलायचीच, असं ठरवूनच सुरुवात करा.

त्यानंतरच्या काळातल्या घरांत ॲल्युमिनियमची वायर सापडते. ती वाईट नसते, पण स्क्रूखाली दबते, सैल पडते, आणि तांब्याच्या वायरला साधी पिळून जोडली की सांधा गंजून तापतो. गीझरच्या किंवा इस्त्रीच्या सॉकेटभोवती पिवळट-तपकिरी डाग दिसला तर आतला सांधा बहुधा असाच आहे.

रंगांवर विश्वास ठेवू नका. नियमाने फेज लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रल काळी, अर्थ हिरवी. जुन्या घरात ज्या रंगाचं बंडल उरलं होतं त्या रंगाची वायर ओढलेली असते.

आणि एक छोटी खूण. एलईडी बल्ब बंद केल्यावरही अंधारात मिणमिणत राहतो का? बटणात दर्शक दिवा नसेल तर बहुधा बटण न्यूट्रलवर आहे आणि होल्डरमध्ये फेज कायम पोचते आहे. त्या बोर्डवर वहीत खूण करा.

७. अर्थिंग: तिसरं भोक रिकामं तर नाही?

तीन पिनांचं सॉकेट आहे म्हणजे अर्थिंग आहे असं मुळीच नाही. दोन वायरच्या जुन्या फिटिंगवर नंतर तीन भोकांची सॉकेटं बसवलेली असतात आणि वरच्या मोठ्या भोकामागे काहीच जोडलेलं नसतं. पूर्वी नळाच्या लोखंडी पाइपाला अर्थची तार गुंडाळायची पद्धत होती. पाइप जमिनीत दूरवर गेलेला असायचा, म्हणून ते चालून जायचं. आता मध्ये कुठेतरी प्लंबरने प्लास्टिकच्या पाइपाचा तुकडा टाकलेला असतो, आणि अर्थिंग तिथेच संपतं. नुसतं संपून थांबत नाही. फ्रिजला गळती लागली तर करंट नळाच्या तोटीत येऊन थांबतो.

वायरमनला मल्टिमीटरने तीन मापं घ्यायला सांगा: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ. पहिली दोन जवळजवळ सारखी यायला हवीत. तिसरं माप थोडंसं, एक-दोन व्होल्ट. आता गीझर किंवा इस्त्री लावून तिसरं माप पुन्हा घ्यायचं. भार पडल्यावर ते किंचित वाढलं तर ठीक. अगदी शून्यावर अडकून राहिलं तर संशय घ्या, कारण कुणीतरी सॉकेटच्या मागेच न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात तुकडा टाकून 'अर्थिंग करून दिलं' असण्याची शक्यता आहे. अशा घरात न्यूट्रल तुटला की फ्रिजच्या, वॉशिंग मशीनच्या, गीझरच्या पत्र्यावर सरळ फेज येते.

नवीन अर्थिंग करताना जागा महत्त्वाची. नाशिकच्या काळ्या मातीत ओल टिकते तिथे काम सोपं. कातळ लवकर लागला तर खड्डा खोल जात नाही आणि उन्हाळ्यात माती कोरडी पडली की रोध वाढतो. मोरीच्या पाण्याजवळ किंवा झाडाच्या आळ्याजवळ अर्थ पिट घेतला तर बरा. वायरमनकडे अर्थ टेस्टर असतो. घरासाठी ५ ओहमच्या आत आकडा यावा असं त्याला सांगा, आणि तो एप्रिल-मेमध्ये मोजून घ्या. जुलैत मोजलेला आकडा तुमचं फक्त समाधान करतो.

८. भाराचा हिशेब

वॉट भागिले २३० म्हणजे अँपिअर. गीझर २००० वॉट, म्हणजे पावणेनऊ अँपिअर. दीड टनाचा एसी दीड हजार वॉटच्या आगेमागे. इंडक्शन शेगडी २०००, इस्त्री १०००, मिक्सर ५०० ते ७५०, साधा पंखा ७५, फ्रिज दीडशे-दोनशे. थंडीत नाशिकला सकाळी सहा ते आठमध्ये गीझर, मोटर, मिक्सर आणि इस्त्री एकदमच लागतात. ही बेरीज केली की २० अँपिअर सहज ओलांडतात, आणि जुनी मेन वायर तेवढ्यासाठी ओढलेलीच नसते.

आपला खरा कमाल भार इलेक्ट्रॉनिक मीटरच दाखवतो. पडद्यावर एकामागून एक आकडे येत राहतात, त्यात 'एमडी' असं चिन्ह किंवा नुसतं किलोवॉट लिहिलेला आकडा असतो. तो मंजूर भारापेक्षा वारंवार जास्त येत असेल तर भार वाढवून घ्यायचा अर्ज करा. जास्तीची सुरक्षा ठेव भरावी लागते. एसी आणि दोन गीझर असलेल्या तीन मजली घराला थ्री फेजचाच विचार करावा लागेल, पण थ्री फेज आल्यावर आतली वाटणीही तीन फेजवर करून घ्या. नाहीतर सगळा भार एकाच फेजवर राहतो आणि ती गेली की पुन्हा अंधार.

पंचवटीत गोदाकाठच्या ज्या घरांनी २०२७ च्या सिंहस्थात खोल्या भाड्याने द्यायचं ठरवलं आहे, त्यांनी हा हिशेब आताच करावा. भाविक पहाटे एकदम उठतात आणि प्रत्येक खोलीतला गीझर एकाच वेळी चालू होतो.

९. पैसे मोजकेच असतील तर क्रम कोणता?

सगळं वायरिंग एकदम बदलणं प्रत्येकाला जमत नाही. माझा क्रम असा: पहिलं, न्यूट्रलचा फ्यूज काढून लिंक. दुसरं, मेनला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच. तिसरं, फ्यूज किंवा एमसीबी वायरच्या जाडीला साजेशी. चौथं, अर्थिंग. पाचवं, गीझर आणि स्वयंपाकघराला स्वतंत्र लाईन, तांब्याची, अनुक्रमे ४ स्क्वेअर एमएम आणि २.५ स्क्वेअर एमएमची. बाकीच्या खोल्या जमेल तशा.

आरसीसीबी दुसऱ्या नंबरवर, अर्थिंगच्याही आधी, याचं काहींना आश्चर्य वाटेल. कारण असं की अर्थिंग नसलेल्या घरातही माणसाच्या अंगातून जमिनीत करंट गेला तर आरसीसीबी पडते आणि जीव वाचू शकतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही हातांनी धरले तर मात्र ती पडत नाही, आणि जास्त भारापासूनही ती वाचवत नाही. त्यासाठी एमसीबी वेगळी हवीच.

जुन्या वायरिंगवर आरसीसीबी बसवली की पहिल्या पावसात ती सारखी पडायला लागते. ओलसर भिंतीतून गळती होते ती तिला दिसते. इन्व्हर्टरचा न्यूट्रल मेनच्या न्यूट्रलमध्ये मिसळला असेल तरीही पडते. अशा वेळी काही वायरमन "मशीन खराब आहे" म्हणून ती बायपास करून देतात. करू देऊ नका. एकेक लाईन वेगळी करून, ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरचं आवरण किती शाबूत आहे ते मोजणाऱ्या यंत्राने) तपासून, कुठली लाईन गळते ते शोधायला लावा. चांगल्या लाईनचा आकडा किमान १ मेगाओहम यायला हवा. तुमच्या वहीतला नकाशा इथे कामाला येतो.

वायरमन निवडताना दर विचारण्याआधी दोन प्रश्न विचारा: लायसन्स आहे का, आणि मेगर आहे का. नवीन कनेक्शनसाठी किंवा भार वाढवण्यासाठी लायसन्सधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतोच, तेव्हा पहिला प्रश्न विचारायला संकोच वाटायचं कारण नाही.

१०. गोदाकाठची घरं

सराफ बाजार, भांडी बाजार, नेहरू चौक, काठचा पंचवटीचा भाग. इथल्या माणसाला पूर किती आला ते गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून कळतं. २००८, २०१६ आणि २०१९ या वर्षी पाणी बाजारपेठेत शिरलं होतं. अशा घरात नवीन मीटर किंवा मेनची जागा ठरवताना शेजारच्या जुन्या माणसांना विचारून भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ कुठवर गेली होती ते बघा आणि त्याच्या वर जागा मागा. तळमजल्यासाठी वेगळी एमसीबी ठेवा, म्हणजे खाली पाणी आलं तरी वरच्या मजल्यावर दिवे राहतील.

गंगापूर धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की पाणी उंबऱ्याला लागायच्या आधी मेन बंद करा आणि इन्व्हर्टर वर नेऊन ठेवा. पाणी आत आल्यावर त्यातून चालत जाऊन मेन बंद करायला जाऊ नका, १९१२ ला किंवा जवळच्या महावितरण कार्यालयाला कळवून बाहेरूनच पुरवठा तोडायला सांगा. पाणी ओसरल्यावर बोर्ड वरून कोरडे दिसतात, पण पाइपांत आणि सॉकेटच्या मागे गाळ बसलेला असतो. बुडालेले स्विच, सॉकेट, एमसीबी आणि आरसीसीबी वाळवून परत वापरू नका. मीटर बुडाला असेल तर तो महावितरणच बदलेल. वायर मात्र धुऊन, वाळवून, मेगरचा आकडा वहीत लिहून घेतल्यावरच एकेक लाईन चालू करायची, सगळ्यात शेवटी तळमजल्याची.